मुका घेतात, पण कशासाठी?

आम्ही राहतो त्या बोल्डरमध्ये, कोलोरॅडोत, रस्त्याकडेच्या माळावर प्रेअरी डॉगांची, म्हणजे बिळं करून राहणाऱ्या खारींची, वस्ती आहे. त्यांचे व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकते आणि दर वेळी कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, हे मुका घेतायत का?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

घेतात. पण ती ओळखपरेड असते. दोघं दबकत जवळ येतात, तोंडं किंचित उघडतात, दाताला दात लागतो. घरचं निघालं तर शेजारी शेजारी चरायला लागतात. परकं निघालं तर शेपट्या फुलतात आणि जुंपते. (नावात डॉग आलं ते भुंकण्यामुळे. जात आपल्या शेकरूच्या भाऊबंदांतली. वजन जेमतेम किलोभर.)

आमच्याकडचे काळ्या शेपटीचे. एका कुटुंबात साधारण एक नर आणि तीन-चार माद्या. मुलगे वयात आले की घर सोडतात, मुली जन्मभर माहेरी. म्हणजे शेजारच्या बिळांत आई, बहिणी, मावश्या, भाच्या. ऐकायला किती छान!

जॉन हूगलंड या शास्त्रज्ञांनी साउथ डकोटातल्या विंड केव्ह नॅशनल पार्कात वर्षानुवर्षं बसून यांच्या नोंदी केल्या. त्यांना दिसलं ते असं: स्वतःची पिल्लं अंगावर पीत असलेली मादी बहिणीच्या बिळात शिरते आणि वर येते तेव्हा तिच्या तोंडाला रक्त असतं. भाचरं मारलेली, बरेचदा खाल्लेलीही. त्यांच्या हिशेबात ३९ टक्के वेतं अशा ना तशा हल्ल्यात पूर्ण किंवा थोडीफार गेली होती, आणि हल्लेखोरांत जवळच्या नात्यातल्या या आयाच सर्वांत जास्त.

पिल्लं सहाएक आठवडे बिळातच असतात. ती वर आली की हे सगळं थांबतं. साऱ्या घरची पोरं एकत्र हुंदडतात, रात्री कुणाच्याही बिळात झोपतात, आणि वाचलेल्या भाचरांना तीच मावशी स्वतःच्या पिल्लांसोबत पाजते.

गेल्या मे महिन्यात एक मादी बिळाच्या तोंडाशी बसलेली दिसली. पाठीवर एक पिल्लू, पोटाशी दोन, चौथं तिच्या तोंडाला तोंड लावत होतं. त्यातली तिची किती, देव जाणे. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला.

"किती माया गं!" पुण्याहून माझ्या मावशीचा मेसेज आला.

मी अंगठा टाकला.