चक्कीवरचा मका

टीटीजीचा, म्हणजे सीलिॲक आजारासाठीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट पुन्हा चढाच आला, तेव्हा डॉक्टरांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "मुलगा बाहेर काहीतरी खातोय. तुम्ही बोलतं करा त्याला."

इंदूरमध्ये मुलांच्या एका दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. सीलिॲकची मुलं आमच्याकडे सतत येतात, त्यात नवल नाही. माळव्यात गव्हावाचून पान हलत नाही, आणि उत्तर भारतात शंभरातल्या साधारण एकाला हा आजार असतो. गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की लहान आतड्याच्या अस्तरावरची लव झडत जाते. लोह, फॉलेट, कॅल्शियम सगळं शोषून घ्यायचं काम त्या लवेचं. ती सपाट झाली की मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू, रवा, मैदा, जव आयुष्यभर बंद, हाच उपचार.

हा मुलगा नऊ वर्षांचा, मराठी घरातला. गहू सोडून वर्ष उलटलं होतं. वजन जरासं वाढलं होतं, पण हिमोग्लोबिन नऊवर अडून बसलेलं. सोबत आई, बाबा आणि आजी. आई मुलाकडे संशयाने बघत होती आणि आजी आईकडे. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "शप्पथ, मी बिस्कीटसुद्धा नाही खाल्लं." मला ते खरं वाटलं. खोटं बोलणारी मुलं इतकं थोडक्यात बोलत नाहीत, असा माझा अनुभव.

मग मी खाण्याचा पाढा विचारायला घेतला. सकाळी मक्याचं थालीपीठ, डब्यात मक्याची भाकरी आणि भाजी, रात्री वरणभात, कधी पुन्हा मकाच. पीठ कुठलं, असं विचारताच आजींनी सूत्रं हातात घेतली. "बाजारचं पाकीट आमच्याकडे येत नाही हो. झाबुआकडचा पिवळा मका घेतो, निवडतो, ऊन दाखवतो, आणि उभं राहून डोळ्यांसमोर दळून आणतो. चाळतसुद्धा नाही मी."

पौष्टिकतेच्या बाबतीत आजींचं शंभर टक्के बरोबर होतं, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. मक्याच्या दाण्याचे तीन भाग. बाहेरचा कोंडा, मधला पिठूळ गर, आणि टोकाशी कोंब फुटतो तो लहानसा भाग. कोंब वजनाने दाण्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा, पण दाण्यातलं बहुतेक सगळं तेल त्यात, शिवाय ई जीवनसत्त्व आणि खनिजांचा मोठा वाटाही त्यातच. हे तेल पिठात राहिलं की पीठ लवकर खवट होतं. म्हणून कारखान्यातल्या बऱ्याच पिठांतून कोंब आणि कोंडा काढून टाकतात. पीठ महिनोन्महिने टिकतं, पण अमेरिकेतले तक्ते पाहिले तर अशा पिठात मॅग्नेशियम अख्ख्या दाण्याच्या पिठाच्या चौथाईवर येतं आणि तंतू निम्म्यावर. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017चे तक्ते आहेत. त्यांत 100 ग्रॅम वाळलेल्या मक्यात सुमारे 9 ग्रॅम प्रथिनं, 12 ग्रॅम तंतू आणि अडीच मिलिग्रॅम लोह आहे. पिवळ्या मक्यातली ल्युटिन आणि झिॲझँथिन ही रंगद्रव्यं डोळ्याच्या पडद्यातही असतात. आणि मक्यात ग्लूटेन नाही.

म्हणजे धान्य उत्तम, घरचे काटेकोर, मुलगा खरा. मग गहू येतोय कुठून? आजींचं "डोळ्यांसमोर दळून" माझ्या डोक्यातून जाईना. "आज दळण आहे का?" मी विचारलं. होतं. ओपीडी संपल्यावर मी मुलाच्या बाबांसोबत चक्कीवर गेले. आहारतज्ज्ञाने असं चक्कीवर जायचं नसतं म्हणे. पण टेबलावर बसून पीठ कळत नाही.

संध्याकाळची गर्दी. गव्हाचे डबे ओळीने लावलेले, भिंती, बल्ब, चक्कीवाल्याच्या भुवया, सगळं पांढरं. आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू संपला आणि त्याने त्याच तोंडात आमचा मका ओतला. फाइलचं काळं कव्हर मी पिठाच्या कापडी बाहीखाली धरलं. पहिल्यांदा पडलं ते पीठ पिवळं नव्हतंच. फिकट, मऊ, बोटाला चिकटणारं, म्हणजे सरळसरळ गव्हाचं. हळूहळू त्यात पिवळे कण दिसायला लागले, आणि बऱ्याच वेळाने खरं मक्याचं भरड पीठ सुरू झालं. दगडांच्या खाचांत अडकलेला मागच्याचा गहू मका आपल्यासोबत ढकलत बाहेर आणत होता.

खरी गंमत शेवटी झाली. दळण संपल्यावर चक्कीवाल्याने बाहीवर सणसणीत चार थापा मारल्या आणि पांढरा लोट आमच्या डब्यात उतरला. "भिया, अपन तो सबका पूरा माल झटक के देते हैं," तो अभिमानाने म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. दिवसभराच्या गव्हाचं पीठ त्या कापडाच्या वळ्यांत बसलेलं, एवढंच. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, जोरात झटका असं मीच सांगतो त्याला. पीठ वाया जाऊ नये म्हणून."

मी तिथेच हिशेब सांगितला. ग्लूटेनमुक्त म्हणायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात ते साधारण दहा टक्के धरा. म्हणजे किलोभर मक्यात पाव ग्रॅम गव्हाचं पीठ पडलं, चिमूटभरसुद्धा नाही, की मर्यादा ओलांडली. इथे तर मुठीने पडत होतं, आणि तेच पीठ मुलगा दिवसातून दोन-तीनदा खात होता. जितका मका नेमाने, तितका गहूही नेमाने.

घरी पोचल्यावर मी आजींची परवानगी घेऊन स्वयंपाकघरही बघितलं. पोळपाट-लाटणं, तवा वेगळे ठेवलेले होते. हिंगाची डबी मात्र उलटी करून वाचली तर त्यात गव्हाचं पीठ. बाजारातल्या बऱ्याच हिंगांत ते असतं, आणि कुणाच्या ते ध्यानीमनीही नसतं. आजींनी डबी माझ्या हातातून घेतली आणि सरळ बाहेर ठेवून आल्या.

चक्की बदलून उपयोग नव्हता, इंदुरात गहू न दळणारी चक्की शोधणार कुठे? त्यांनी घरघंटी घेतली, नवी कोरी. जुनी, कुणी गहू दळलेली अजिबात नको, हे मी बजावून सांगितलं होतं. मकाही दळायच्या आधी ताटात पसरून पुन्हा निवडायचा, कारण पोत्यातसुद्धा गव्हाचा दाणा सापडतो. आणि आठवड्यापुरतंच दळायचं, म्हणजे कोंबाचं तेल खवट होत नाही. घंटी आल्याची बातमी गल्लीत पसरली तशा शेजारच्या वहिनी किलोभर गहू घेऊन दारात. आजींनी त्यांना चहा दिला आणि गहू परत पाठवला.

पण एकट्या मक्यावर मूल वाढवायचं नसतं, हेही मला सांगावं लागलं. मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमायनो आम्लं कमी. त्यातलं नियासिन हे ब जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की शरीराला फारसं मिळत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गरिबांनी मका घेतला पण चुना घेतला नाही, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पेलाग्राने, म्हणजे नियासिनच्या अभावाने होणाऱ्या आजाराने, हजारो माणसं गेली. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे हे दाखवलं, तरी वर्षानुवर्षं लोक मानायला तयार नव्हते. आमच्या मुलाला असला धोका नव्हता, घरात डाळ, दूध, दाणे होते. झाबुआकडे मक्याच्या रोटीबरोबर उडदाची डाळ असते, आणि डाळीतलं लायसिन मक्याची उणीव नेमकी भरून काढतं. मी तीच जोडी लिहून दिली. शिवाय जेवताना लिंबू किंवा आवळा, कारण कोंबातलं फायटेट लोह अडवतं आणि आंबट फळातलं सी जीवनसत्त्व ते सोडवतं.

काही महिन्यांनी रिपोर्ट आला. टीटीजी बराच उतरला होता, अजून हद्दीत मात्र आला नव्हता. हिमोग्लोबिन अकराच्या वर. डॉक्टर म्हणाले, लोहाचं औषध चालू ठेवा, आता ते लागू पडेल. मी हाडांचं बोलले. मक्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच, 100 ग्रॅमला दहा मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि नाचणीत साडेतीनशेच्या वर. आजींनी लगेच विचारलं, "नाचणीचं पीठ दुकानातून आणू?" मी नको म्हटलं. अख्खी नाचणी आणा, निवडा, धुऊन वाळवा, आणि तुमच्याच घंटीत दळा.