एक ग्रॅम मातीतून सेंद्रिय कर्ब काढताना: माझा अनुभव

माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यामुळ्यांतून मातीत आलेला कार्बन) ०.४५ टक्के असा दोन दशांशांपर्यंत छापलेला असतो. वॉकली-ब्लॅक पद्धतीत (डायक्रोमेट या रसायनाने मातीतला कर्ब जाळायचा आणि उरलेले डायक्रोमेट मोजायचे) तो आकडा अवघ्या एक ग्रॅम मातीवरून निघतो, म्हणून माझे निम्मे लक्ष ॲसिडच्या बाटलीकडे जाण्याआधीच खर्च होते.

शेतातून ८-१० ठिकाणची, २० सेंमी खोलीपर्यंतची माती एकत्र करून चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत) अर्धा किलो केलेली असावी. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताचा ढीग पडलेली जागा वगळायची. नमुना सावलीतच वाळवायचा. मुळ्या, काडीकचरा वेचून २ मिमीच्या चाळणीतून गाळायचा आणि त्यातली थोडी माती ०.५ मिमीतून जाईल इतकी बारीक करायची. चाळणीवर उरलेली फेकायची नाही, पुन्हा कुटून सगळी खाली उतरवायची. खल लोखंडी नको: लोखंडाचा कीस डायक्रोमेट खातो आणि कर्ब फुगून दिसतो.

५०० मिलीच्या कोरड्या कॉनिकल फ्लास्कमध्ये १ ग्रॅम माती, त्यावर १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट (लिटरला ४९.०४ ग्रॅम) १० मिली. हलवून मग तीव्र सल्फ्युरिक ॲसिड २० मिली. हे ॲसिड थेंबथेंब घालायचा मोह होतो, तो आवरावा. बाहेरून तापवायचे नसते. ॲसिड पाण्यात मिसळताना जी उष्णता निघते तिच्यावरच कर्ब जळतो, आणि सावकाश घातले तर ती विरून जाते. मिनिटभर गोल फिरवायचे, पण माती वर काचेला चिकटू द्यायची नाही. मग ३० मिनिटे लाकडी फळीवर, कारण गार ओट्यावर फ्लास्क लवकर निवतो. द्रव याच वेळी हिरवा पडला तर डायक्रोमेट संपलेले असते. अर्धा ग्रॅम माती घेऊन नव्याने सुरुवात.

नंतर २०० मिली पाणी, १० मिली फॉस्फोरिक ॲसिड आणि रंगबदल दाखवणारे १ मिली डायफिनाइलअमाइन. फॉस्फोरिक ॲसिड लोहाला बांधून ठेवते, त्यामुळे रंगबदल स्वच्छ दिसतो. आता उरलेले डायक्रोमेट मोजायला ब्युरेटमधून (मिलीच्या खुणांची, तोटी असलेली नळी) ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट सोडायचे, म्हणजेच टायट्रेट करायचे. रंग आधी गढूळ, मग जांभळट निळा, आणि शेवटी एका थेंबात लख्ख हिरवा. निळा दिसू लागला की एकेक थेंबच सोडायचा. पुढे गेलेच तर अर्धा मिली डायक्रोमेट मोजून घालून परत टायट्रेट करता येते, फक्त हिशेबात तो अर्धा मिली धरायला विसरू नये.

मातीशिवायचा ब्लँक, म्हणजे बाकी सगळे तसेच घालून केलेले टायट्रेशन, रोज, आणि निदान दोन. फेरसचे द्रावण हवेने ऑक्सिडाइज होत जाते, त्यामुळे कालचा ब्लँक आज लावला की प्रत्येक नमुना एकाच दिशेने चुकतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते प्रयोगशाळेतली सर्वांत महागडी बचत हीच.

ब्लँक २० मिली आणि नमुना १७ मिली आला, तर १० × (२० − १७) ÷ २० म्हणजे १.५, त्याला ०.००३ (एक मिली डायक्रोमेटमागे इतके ग्रॅम कर्ब) आणि टक्क्यांसाठी १०० ने गुणले की ०.४५ टक्के. म्हणजे ब्युरेटवरचा अर्धा मिली = ०.०७५ टक्का. ०.५० च्या खाली कमी आणि ०.७५ पर्यंत मध्यम अशी प्रचलित वर्गवारी लावली, तर एवढ्याशा चुकीने जमीन एका वर्गातून दुसऱ्यात जाते. नमुन्याला ४ मिलीपेक्षा कमी लागले तर तो आकडा सोडून द्यावा, माती कमी घ्यावी.

खारवट जमिनीत क्लोराइडही डायक्रोमेट वापरते आणि कर्ब वाढून येतो. तिथे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सिल्व्हर सल्फेट मिसळलेले लागते. डायक्रोमेट विषारी आहे: पिपेट तोंडाने ओढायचे नाही, उरलेले बेसिनमध्ये ओतायचे नाही.

या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब जळतो, म्हणून काही ठिकाणी उत्तराला १.३ ने गुणतात. वरचेच ०.४५ मग ०.५८५ होते. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवण्याआधी हा गुणक कुणी लावला आहे ते विचारून घ्यावे.