बाबांची पद्मिनी आणि दीड मिलिमीटर

बाबांच्या १९८९च्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या डाव्या चाकावर आतून ब्रेक ऑइलचा ओघळ दिसला. व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा चाकातला छोटा सिलिंडर, गळत होता. हिला चारही चाकांना ड्रम ब्रेक, पण पुढचा सिलिंडर वेगळा, मागचा वेगळा. ‘बसतो हो, बिनधास्त न्या,’ म्हणत एका दुकानदाराने दिलेला सिलिंडर बोल्टांवर बसलाही. पण मी आधीच व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला होता. आतला व्यास दीड मिलिमीटर मोठा! म्हणजे एका चाकाला ब्रेक जास्त जोराने लागणार, गाडी एका बाजूला ओढणार.

मग जुना सिलिंडर फडक्यात गुंडाळून पुण्याच्या नाना पेठेत. चौथ्या दुकानातल्या काकांनी तो नुसता हातात फिरवला आणि माळ्यावरून धुळकट खोका काढला. ब्रेक शूज जुनेच, त्यांच्यावरचे ड्रमला घासणारे लायनर तेवढे नवे मारून घेतले. सिलिंडरमधली रबरं पेट्रोलने पुसू नका, फुगतात, असं काकांनी दोनदा बजावलं.