जुलैत व्हॅनच्या पत्र्यावर साउंड डेडनिंगचा (पत्र्याचा घुमारा कमी करणारा) स्प्रे: माझा अनुभव

सगळ्यात आधी हेच सांगतो. गॅरेजवाला "साहेब, हात लावून बघा, सुकलंय" म्हणाला तर नुसता हात लावू नका, नख रुतवून बघा. त्या एका वाक्यापायी माझा निम्मा माल वाया गेला आणि पुढे जवळजवळ महिनाभर गाडीच्या सीटा आमच्या हॉलमध्ये पडून होत्या.

आमची दहा वर्षांची सात सीटांची व्हॅन आहे, इंजिन पुढच्या सीटखालीच. साठच्या पुढे वेग गेला की खालचा पत्रा असा घुमायचा की मागच्याशी ओरडूनच बोलावं लागे. बाबांना कानाचं मशीन आहे. गाडीत तो घुमारा मशीनमधून आणखी मोठा होऊन येतो, म्हणून बसल्याबसल्या ते मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. ठाण्यातल्या कासारवडवलीहून चिपळूणला पोचेपर्यंत त्यांच्याशी कुणाचं अक्षरही बोलणं व्हायचं नाही. हे काम मी त्यांच्यासाठी काढलं.

शीट न चिकटवता स्प्रे निवडला, कारण चाकांवरच्या गोलाईवर आणि पत्र्याच्या खाचांमध्ये शीट नीट बसत नाही. मी आणलेला माल पाण्यात बनवलेला होता, दह्यासारखा दाट आणि राखाडी. सुकल्यावर तो रबरासारखा होतो, आणि पत्रा थरथरला की ती थरथर आतल्या आत जिरवतो. 4 लिटरचे दोन डबे घेतले. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात सीटा, कार्पेट काढणं, गंज घासणं, थिनरने पुसणं, मास्किंग (नको त्या जागा टेपने झाकणं) हे सगळं एका दिवसात व्यवस्थित झालं. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं: पातळ कोट मारा, दोन कोटांमध्ये किमान 24 तास ठेवा. तो हिशोबसुद्धा 25 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेचा. ठाण्यात जुलैमध्ये हवेत 80-90 टक्के दमटपणा असतो. मालातलं पाणी उडून जाणार कुठे? मी हे दोनदा सांगितलं. तरी सकाळी अकराला पहिला कोट मारला, संध्याकाळी पाचला त्यावर दुसरा चढवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कार्पेट, सीटा बसवून गाडी माझ्या हातात दिली. मीही हात लावून बघितला होता. बोटाला काही लागलं नाही, म्हणून पैसे दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या काचा आतून धुरकट झालेल्या. गाडीत आंबूस वास. मधल्या सीटखालचं कार्पेट उचललं आणि अंगठा दाबला, तर वरची कातडी सरकली आणि खालून ओला लगदा वर आला. दुधावर साय धरते ना, अगदी तसं. वरचा पापुद्रा सुकला होता आणि त्याने खालचं पाणी कोंडून ठेवलं होतं. गॅरेजात गेलो तर उत्तर मिळालं, "दोन दिवस उन्हात लावा." बाहेर धो धो पाऊस. चार चकरा मारल्या, दर वेळी उन्हाचंच उत्तर. पाचव्यांदा गेलो नाही.

शेवटी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आणि मेहुण्याने सगळं पुन्हा उघडलं. प्लास्टिकच्या पात्याने खरवडलं. ओला भाग लोण्यासारखा निघाला, आणि खाली घासलेल्या पत्र्यावर नव्या गंजाचे केशरी ठिपके दिसले. तेव्हा मात्र फार राग आला. गंज थांबावा म्हणून घासला होता, आणि त्यावरच पाणी कोंडलं होतं. पुन्हा घासून प्रायमर मारला, तो सुकू दिला.

यावेळी स्प्रेची गन नकोच म्हटलं. हाच माल तीन इंची ब्रशनेही लावता येतो. जाड जागी साय लवकर धरते, म्हणून कोट मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवले. समोरासमोरचे दरवाजे उघडून दोन टेबल फॅन लावले, एक हवा आत ढकलणारा, एक बाहेर काढणारा. सुकवायला हॅलोजनचा दिवा लावू नका, उष्णतेने वरचीच साय आधी धरते.

आणि ज्या युक्तीने खरं काम झालं ती ही. हाताएवढा पत्र्याचा तुकडा घेतला, त्यावरही तोच कोट तेवढाच लावला आणि तो गाडीतच ठेवला. रोज रात्री बायकोच्या केकच्या काट्यावर त्याचं वजन करायचो. पहिल्या रात्री 168 ग्रॅम, मग 163, 161, 160, आणि पुन्हा 160. दोन रात्री आकडा हलला नाही, म्हणजे पाणी गेलं. मगच दुसरा कोट. रंगही सांगतो: ओला असताना फिकट, सुकला की गडद. पण काट्यावर माझा जास्त भरवसा.

मध्येच आठवलं म्हणून: सीटबेल्टच्या बोल्टांची भोकं टेपने नक्की बंद करा. आमचं एक राहिलं आणि आट्यांत माल गेला, तो टोकरत तासभर बसलो. तुमच्या सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा असतो, बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावू नका.

फरक किती? फोनच्या ॲपवर जेमतेम 3 डेसिबल. पण पत्र्यावर टिचकी मारली की आधी ठण्ण वाजायचं, आता धप्प होतं, आणि तो घुमारा गेला. हॉर्न, ट्रक तसेच ऐकू येतात. हवेतून येणारा आवाज या कोटाने अडत नाही, त्याला जड शीट आणि फोम लागतो. गेल्या रविवारी पनवेलपर्यंत बाबांचं मशीन कानातच होतं, आणि पळस्प्याला त्यांनी वडापावसाठी गाडी थांबवायला लावली.

दरवाजे आणि टप अजून बाकी आहेत. ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. दरवाज्यांच्या तळाशी पाणी वाहून जायची भोकं असतात, ती बुजली तर दरवाजा आतून कुजतो. त्या भोकांचे फोटो काढून ठेवलेत. गन हातात घेणाऱ्याला आधी तेच दाखवणार.