एक मिलिमीटरच्या फटीत उकळणारं पाणी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन करून घेतलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर आज काच ठेवली, मध्ये १ मिमी फट सोडली आणि पाणी उकळलं. बघत राहावं असं दृश्य आहे!

फट साधारण २.५ मिमीपेक्षा अरुंद झाली की पाण्याचा बुडबुडा गोल राहत नाही, चपटा होऊन पसरतो. त्याच्याखाली उरलेला पाण्याचा पातळ थर झपाट्याने वाफ होतो, म्हणून कमी उष्णतेला अशी फट उष्णता काढून घेण्यात मोकळ्या भांड्यापेक्षा सरस ठरते. हीटर वाढवला की मात्र वाफ बाहेर पडेना, ताजं पाणी आत येईना. मधला भाग कोरडा पडतो आणि तापमान एकदम चढतं. ट्रिप (तापमान चढलं की हीटर आपोआप बंद करणारी सोय) लावल्याशिवाय हे करूच नये.

उपाय वाट मोकळी करण्याचा. वरच्या प्लेटला वाफेसाठी खाचा पाडा. ठोकळ्यावर तांब्याच्या पावडरचा सच्छिद्र थर सिंटर केला (म्हणजे पावडर न वितळवता तापवून चिकटवली) तर पाणी आपोआप ओढलं जातं. जमलं तर फट उभी ठेवा.

मोजमापात हमखास चुकतं ते वेगळंच. विरघळलेली हवा आधी अर्धा-एक तास उकळून घालवा, नाहीतर आकडे उगाच छान येतात. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पृष्ठभाग त्याहून जेमतेम १० अंश गरम असताना १०० धरलं, तर तापमानातल्या या फरकातच २० टक्क्यांची चूक!

ठोकळ्यातल्या दोन थर्मोकपलमध्ये (तापमान मोजणाऱ्या तारांमध्ये) १० मिमी अंतर असेल आणि दर चौरस सेंटिमीटरला ५० वॅट जात असतील, तर साधारण १३ अंशांचा फरक दिसायला हवा. नाही दिसला तर भोकातली थर्मल पेस्ट आधी तपासा.