बैलाचं वशिंड अन ग्रीटिंग कार्ड

घडीचं ग्रीटिंग कार्ड टेबलावर उभं केलं की वर पाठ अन खाली पाय असं आपोआपच होतं, त्यामुळे कार्डावर जनावराचं चित्र काढत बसण्यापेक्षा कार्डाचंच जनावर करावं असं माझं जुनं मत आहे. घडी म्हणजे पाठीचा कणा. पोटाखालचा कागद दोन्ही बाजूंनी एकदमच कापून टाकला की चार पाय उरतात, तोंड वेगळं कापून चिकटवायचं, शेपटीला सुतळी, झालं जनावर.

पण नेटवर साचे शोधायला जा, पांडा, पेंग्विन, कोल्हा असलंच सगळं, अन गाय म्हणून जी मिळते ती काळ्या-पांढऱ्या चट्ट्यांची एचएफ, म्हणजे विलायती होल्स्टीन फ्रिजियन. पोळ्याच्या आधी बहिणीच्या पोरीने त्याच गायीची प्रिंट काढली, मोठी शिंगं जोडली, शिंगांना लाल रंग दिला अन बैल म्हणून नानांना नेऊन दाखवला. नानांनी चष्मा वर केला, कार्ड उलटंपालटं करून पाह्यलं अन एवढंच विचारलं, "बैलले वशिंड कोठे शे?"

बरोबरच आहे ना. आपला खिल्लार घ्या नाहीतर तो तांबडा, पांढऱ्या चट्ट्यांचा निमाडी घ्या, लांबून आधी वशिंडच दिसतं. एचएफ-जर्सीला ते नसतं म्हणून त्यांचा साचा सरळ पाठीचा. आता गोची अशी की वशिंड यायला पाहिजे घडीच्या वर, अन घडीच्या वर तर कागदच नसतो!

त्याला युक्ती आहे. कार्डशीट सपाट उघडी ठेवायची, मधोमध घडीची रेघ हलकी मारायची, अन खांद्याच्या जागी वशिंड असं काढायचं की बुड रेघेवर अन फुगवटा रेघेच्या पलीकडे. फुगवट्याच्या कडेने कटर फिरवायचं, बुडाला मात्र हात लावायचा नाही, तिथे घडीसुद्धा घालायची नाही. मग उरलेल्या रेघेवर स्टीलची पट्टी धरून संपलेली रिफिल दाबून ओढायची अन पलीकडचा भाग मागे दुमडायचा, की वशिंड टुणकन वर! मागच्या बाजूला तेवढं भोक पडतं, पाठीवर कागदाची झूल लावताना तिकडची बाजू जरा पुढे सरकवून चिकटवली की कळत पण नाही.

झेरॉक्सचा कागद यात चालत नाही, तो साधारण 75 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असतो, पाय फाकवून बसतो. 220 ते 250 ची शीट घ्या. अन घडी घालायच्या आधी शीट आडवी-उभी दोन्हीकडून हलकी वाकवून बघा, एका बाजूने ती सहज वाकते कारण आतले धागे बहुतेक एकाच दिशेने असतात, घडी त्याच दिशेत घाला, उलटी घातली तर रंगीत शीट घडीवर तडकते अन पांढरी रेघ दिसते. आम्ही तर लग्नपत्रिकांचे जाड कागद वापरतो, खान्देशात त्यांना काय तोटा, एकेका पत्रिकेवर अख्ख्या भाऊबंदकीची नावं. नाव नसलेली बाजू वर घ्यायची फक्त, नाहीतर बैलाच्या पोटावर "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" येतं. फेविकॉल काडीनेच लावा, त्यातल्या पाण्याने कागद फुगतो.

मग सजावट, म्हणजे शिंगांना बेगड, लोकरीचे गोंडे, खांद्यावर पिवळ्या खडूचा एक फराटा, कारण आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-तूप चोळलेलं असतं. आत "हॅपी पोळा" लिहायचं म्हणत होती पोरगी, मला ते काही पटलं नाही. बैलाला आवतण देतात तेच लिहायला लावलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या". नानांनी हे कार्ड टीव्हीच्या पुढ्यात ठेवलं, चॅनल बदलायला रिमोट कार्डाच्या डोक्यावरून धरावा लागायचा, पण कार्ड हलवू दिलं नाही.

हीच युक्ती घोड्यालाही चालते, तिथे वशिंडाऐवजी अख्खी मान अन तोंड घडीच्या वर राहू द्यायचं, वेगळं चिकटवायची भानगडच नाही. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तो बहुतेक डिसेंबरातच येतो, म्हणून नवीन वर्षाच्या कार्डाला घोडा असं मी ठरवून टाकलं होतं. पोरगी म्हणते उंट. दोन वशिंडांचा.