तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या रिळाचं काय करावं?

‘कोल्हापुरात समुद्र कुठाय, आणि तुम्ही समुद्रात गळानं मासे धरायची रिळं कसली दुरुस्त करत बसता?’ हे मला महिन्यातनं दोनदा तरी कुणीतरी विचारतं. उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, चहाच्या गाड्यावर तोच प्रश्न जरा वेगळा येतो. ‘काय भावा, रंकाळ्यात देवमासा घावला काय?’ त्याला उत्तर नसतंय, हसायचं आणि कप खाली ठेवायचा.

पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, तो खरा. घरात कुणाचं तरी जुनं रीळ सापडलेलं असतं. मूठ फिरत नाही, सगळीकडं हिरवट-पांढरं फुललेलं. ते दुरुस्त करावं, त्यात नवे भाग घालून जोरदार करावं, की सरळ नवीन घ्यावं? तुम्ही विचारलंत म्हणून माझ्या रिळाचं सांगतो. त्यात मी केलेला गाढवपणाही आहे, आणि उत्तर बहुतेक त्यातच आहे.

माझं रीळ म्हणजे ‘पेन’ (Penn) नावाच्या अमेरिकन कंपनीचं सेनेटर, 4/0 मापाचं. ऑटो हेन्झे यांनी 1932 साली फिलाडेल्फियात ही कंपनी काढली आणि 1936 पासून सेनेटर बाजारात आलं. दोन बाजूंना काळ्या बेकेलाइटच्या, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकच्या तबकड्या, मध्ये तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळायचा रूळ, क्रोम चढवलेल्या पितळी कड्या, बाहेर मूठ आणि मुठीच्या बुडाशी चांदणीसारखं एक चाक. हातात घेतलं तर जवळजवळ किलोभर भरेल. दिसायला अगदी साधं. खोललं की कळतं, ज्यानं केलं त्याला हे कधीतरी कुणीतरी खोलणार हे माहीत होतं. स्क्रू बाहेरनं दिसतात, भाग दाबून-चिकटवून बसवलेले नाहीत, आणि प्रत्येक भाग वेगळा मिळतो. आजची कितीतरी स्वस्त रिळं उघडली की परत मिटत नाहीत.

हे आलं सासऱ्यांकडनं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. देवगडचे, मालवाहू बोटीवर नोकरी. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात पगाराच्या पैशातनं घेतलं आणि निवृत्तीनंतर खडकावर बसून त्यानं गरवत राहिले. खांदा दुखायला लागल्यावर रीळ डालड्याच्या डब्यात घालून माळ्यावर गेलं. अण्णा गेल्यावर सासूबाईंनी तो डबा माझ्या हातात दिला. ‘तुमी मशीनवाले, तुमका होया तर घेवा.’ डब्याचं झाकण काढलं तर आधी वास आला खोबरेल तेलाचा, खवट झालेल्या. अण्णा रिळाला खोबरेल घालायचे. कोकणातल्या उकाड्यात ते पातळ राहतं, कोल्हापूरच्या थंडीत थिजतं, आणि वर्षानुवर्षं साठलं की तपकिरी डिंक होतो. रीळ मिठानं जाम झालं होतं तेवढंच या डिंकानंही.

पहिला धडा स्क्रूंचा. पितळ, पोलाद आणि क्रोम यांच्यात खारं पाणी शिरलं की दोन वेगळ्या धातूंचं एकमेकांना खाणं सुरू होतं आणि स्क्रू जागच्या जागी बसतो. पंचवीस वर्षं लेथवर काढलेला माणूस मी, तरी पहिला स्क्रू मीच बिघडवला, कारण डिसमिस खाचेपेक्षा बारीक होता. खाच पूर्ण भरेल असं पातं पाहिजे, नसेल तर ग्राइंडरवर घासून करून घ्यायचं. नंतर शहाणा झालो. गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवायचं, सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरायचं, आणि आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं हलवून मग सोडायचं. गॅसची ज्योत लावायची नाही. बेकेलाइट वितळत नाही, पण तडकतं, आणि तडकलं की जोडता येत नाही.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर आतल्या कशाला तरी टोचतो. म्हणून मी घरातलं आप्पेपात्र घेतो. एका खळग्यात एका जागचे स्क्रू, दुसऱ्यात दुसऱ्या. आमच्या घरी आता दोन आप्पेपात्रं आहेत आणि त्यातलं एक कुठलं हे सौभाग्यवतींना वासावरनं कळतं.

आतलं हिरवं जे असतं त्याला आपल्याकडं कळंक म्हणतात, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं तोच. लोक लगेच चिंच घेतात. देवाच्या समईला चिंच ठीक, पण जिथं क्रोमची पापडी सुटलीय तिथं आंबट पदार्थ खालच्या पितळात शिरतो आणि उरलेला क्रोमही उचलतो. मी आधी नुसत्या कोमट पाण्यात भाग बुडवून ठेवतो, दोन-तीनदा पाणी बदलून. मीठ पाण्यातच जातं, त्याला घासावं लागत नाही. मग साधे पितळी भाग पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये काही मिनिटं, जुना टूथब्रश, खायच्या सोड्याचं पाणी, परत साधं पाणी, आणि लगेच कोरडं. व्हिनेगरमध्ये टाकून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत पितळ गुलाबी दिसायला लागतं. म्हणजे त्यातला जस्ताचा अंश निघून गेला. अशा गिअरचा दाता पुढं कधी दगा देईल सांगता येत नाही.

आता मुद्द्याचं, ते चांदणीचं चाक. त्याला ड्रॅग म्हणतात, आणि रिळाचा सगळा जीव त्यात आहे. मोठा मासा ओढायला लागला की दोरी सुटत गेली पाहिजे, पण फुकट नाही, त्याला दमवत. त्यासाठी मोठ्या गिअरच्या पोटात वॉशरची चळत असते, एक धातूचा, एक घर्षणाचा, परत धातूचा. चांदणी आवळली की चळत दाबली जाते आणि मुठीचा जोर गिअरला मिळतो. ओढ ठरल्यापेक्षा वाढली की वॉशर घसरतात आणि रूळ उलटा फिरून दोरी देतो. मूठ मात्र उलटी फिरत नाही, कारण तिथं एक छोटी खिट्टी दात्यात अडकलेली असते. कंपनीवाले तिला डॉग म्हणतात. स्कूटरच्या क्लचप्लेटा ज्यानं पाहिल्यात त्याला यापेक्षा जास्त सांगायला नको.

अण्णांच्या रिळात तपकिरी फायबरचे वॉशर होते, तेल पिऊन फुगलेले. त्याहून जुन्या रिळांत चामड्याचेही असत. हे वाचल्यावर कोल्हापूरकराच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. चप्पल लाइनीत जाऊन एका ओळखीच्या कारागिराकडनं चपलेच्या तळव्याचं चामडं गोल कापून आणलं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, चांगलं दाट. घरात खिडकीला दोरी बांधून ओढून बघितलं तर इतकं मऊ सुटत होतं की मी दोन दिवस सगळ्यांना दाखवत सुटलो. समुद्रावर एकदा भिजून, एकदा तापून आलं आणि आकसून पापडासारखं कडक झालं. नाद खुळा, पण कामाचं नाही.

मग कार्बन फायबरचे वॉशर मागवले. हे खरंच चांगले, कुणी विचारलं तर पहिलं हेच घाला म्हणतो. तापले तरी पकड बदलत नाही, आणि त्यांच्यासाठीच्या खास ग्रीसचा पातळ हात दिला की ओलाव्यानंही बिघडत नाहीत. सुटताना झटका बसत नाही, हा मोठा गुण. जुन्या वॉशरना पहिल्यांदा हलायला जास्त जोर लागायचा आणि मग एकदम सोडायचे. दोरी तुटते ती त्या पहिल्या क्षणाला.

आता इथं थांबायला पाहिजे होतं. पण हाताशी अख्खं उद्यमनगर. या गावात मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथं मला एक मूठ जड जाणार होती काय? स्टेनलेसच्या पट्टीतनं दीडपट लांब दांडा कापून घेतला, नायलॉनचा लठ्ठ गोळा स्वतः लेथवर उतरवला. रुळाचे बुश झिजले होते, ते गन मेटलचे नवीन केले. अण्णांचं तंगूस होतं 30 पौंडांचं, म्हणजे साडेतेरा किलोला तुटणारं. ते काढून 65 पौंडांची विणलेली दोरी भरली, खाली थोडं तंगूस गुंडाळून, नाहीतर विणलेली दोरी गुळगुळीत रुळावर आख्खी घसरत फिरते. ड्रॅग साधारण दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शावर लावतात. एवढा कमी का, तर रूळ रिकामा होत जातो. गुंडाळीचा व्यास निम्म्यावर आला की चांदणीला हात न लावता दोरीवरचा ताण दुप्पट होतो. आधी हिशेब साडेचार किलोचा होता, आता स्प्रिंगकाटा लावला आणि दहावर नेला. कार्बननं तो आरामात पेलला. मी खूश.

माझ्या दुकानात वर्षातनं चार-पाच रोटाव्हेटर तरी येतात, गिअरबॉक्स फुटलेले. कारण ठरलेलं. त्यात एक शिअर बोल्ट असतो, मुद्दाम मऊ. पात्यात दगड अडकला की तो तुटतो आणि बाकीचं वाचतं. सारखा तुटतो म्हणून वैतागून गडी तिथं हाय टेन्साइलचा बोल्ट ठोकतो. मग बोल्ट तुटत नाही. करवीर, पन्हाळा, कागल, सगळीकडच्या शेतकऱ्यांना मी हे भाषण दिलेलं आहे, तावातावानं.

नोव्हेंबरात मेव्हण्याच्या होडीतनं देवगडच्या बाहेर गेलो. गळाला अर्धा बांगडा. तासाभरानं खालनं जे ओढलं ते तांबोशीचं नव्हतं एवढं नक्की. पहिली धाव सुंदर झाली, दोरी कशी तुपासारखी सुटत होती. मग तो खडकाकडं वळला. मी चांदणी आणखी अर्धा फेरा आवळली. मेव्हणा मागनं ओरडला, ‘भावजीनू, सैल सोडा! सैल सोडा!’ मी लांब मुठीनं खेचायला गेलो आणि रिळात करर्र झालं, सुपारी फोडल्यासारखं. मूठ मोकळी फिरायला लागली. रूळ दुसऱ्या दिशेनं पळाला, दोरीचा हातावर गुंता, आणि मग सगळं शांत. मेव्हणा एवढंच म्हणाला, ‘गेलो मासो.’

संध्याकाळी पडवीत खोललं. पिनियनचे, म्हणजे रुळाला फिरवणाऱ्या बारक्या गिअरचे, दाते साफ मुंडलेले. पितळ बिचारं. जुने फायबरचे वॉशर साडेचार-पाच किलोला घसरायचे म्हणून इतकी वर्षं ते दाते टिकले होते. अण्णांच्या रिळातला मऊ बोल्ट तोच होता, आणि तो काढून मी हाय टेन्साइलचा ठोकला होता. बायकोनं विचारलं, काय तुटलं? म्हटलं, दगड अडकला.

दाते पाडून देणारा कारागीर दोन गल्ल्या सोडून आहे, पण अमेरिकन रिळाचे दाते इंचाच्या हिशेबातले आणि आपल्याकडचे कटर मॉड्यूलचे, म्हणजे मिलिमीटरच्या हिशेबातले. जवळपासचं बसवलं तर आवाज करत झिजतं. शेवटी स्टेनलेसचे तयार गिअर परदेशातनं मागवले. ते बसल्यावर पुढचं दिसायला लागलं. आता दाते टिकणार, मग भार जाणार खिट्टीवर. ती दुहेरी केली तर दोन बाजूंना जोडणाऱ्या दांड्यांवर. त्या पिळवटल्या की रूळ कडेला घासणार. त्यावर एकसंध अ‍ॅल्युमिनियमची चौकट मिळते. ती घेतली तर अण्णांच्या रिळातलं उरलं काय, दोन काळ्या तबकड्या. मी चौकट घेतली नाही. 30 पौंडांचं तंगूस परत भरलं, स्प्रिंगकाट्यावर साडेचार किलो लावला, चांदणीवर तिथं पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. गिअर स्टेनलेसचे राहिले, वॉशर कार्बनचे राहिले, लांब मूठ राहिली कारण माझाही खांदा आता अण्णांसारखा बोलायला लागलाय.

तेव्हा तुमच्या रिळाचं : तबकडी तडकलेली नसेल आणि रूळ मिठानं खड्डे पडून गेलेला नसेल, तर दुरुस्त करा. वॉशर बदला, गिअरला ग्रीस, रुळाच्या टोकांना पातळ तेल, एवढ्यानंच ते तुमच्या आजोबांच्या हातात चालायचं त्याहून गोड चालेल. दहा-बारा किलोच्या ड्रॅगचीच हौस असेल तर नवीन घ्या, जुन्याकडनं ते वदवून घेऊ नका. आणि धुवायचं ते समुद्रावरच, त्याच संध्याकाळी, लॉजच्या बादलीत. करूळ घाट चढून कोल्हापूर गाठून मग धुऊ म्हणाल तर मीठ तुमच्या आधी पोचतंय. धुताना ड्रॅग आवळलेला, पाणी वरनं हळू ओतायचं. सर्व्हिसिंगवाल्याच्या पाइपचा फवारा मारला तर मीठ आत ढकललं जातं. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायचा, वॉशर दबून राहत नाहीत.

पावसाळ्यात, जून-जुलैत, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा माझ्याकडं रिळं साठतात. बाहेर आपला पाऊस, आत टेबलावर चार-पाच डबे. यायचं तर तेव्हा या. लेथच्या वर खिळ्याला ते मुंडलेलं पिनियन टांगलेलं दिसेल. हल्ली कुणी फुटलेला रोटाव्हेटर घेऊन आला की मी भाषण करत नाही, दोन कटिंग चहा सांगतो.